ताराबाईंची अंगणवाडी आणि आपल्या मुलांचे दात

मंडळी, क्युपर्टिनोत मूल वाढवणाऱ्या आई-बाबांना दोन विषयांचं ज्ञान न मागता मिळतं. एक म्हणजे कुठल्या घराला कुठली शाळा लागते, आणि दुसरं म्हणजे मॉन्टेसरी. स्टीव्हन्स क्रीक बुलेवार्डवरून जरा आत वळलं की मॉन्टेसरीची पाटी दिसतेच. आमच्या चिरंजीवांसाठी अशाच एका प्रीस्कूलची टूर घेतली तेव्हा माझी आई भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली होती. वर्गात मुलांच्या उंचीची बेसिनं होती, भिंतीवर खाली लावलेला आरसा होता, आणि कपात उभे केलेले छोटे टूथब्रश. जेवण झाल्यावर मुलं आपली आपण दात घासतात, असं तिथल्या बाईंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. आईने शांतपणे सगळं पाहिलं आणि गाडीत बसल्यावर म्हणाली की हे सगळं ताराबाईंचंच आहे. माझी आई नाशिकला बावीस वर्षं बालवाडी चालवत होती. तिच्या बोलण्यात ताराबाई म्हणजे ताराबाई मोडक, आणि त्यांचं नाव ती घरातल्या मोठ्या आत्याचं घ्यावं तसं घेते.

मला ताराबाईंबद्दल शाळेच्या पुस्तकातला एक धडा आणि जुन्या पेपरातला एक फोटो एवढंच आठवत होतं. पण घरी रोज रात्री साडेआठला दात घासण्यावरून जी लढाई चालायची, ती पाहता हा विषय मला अगदीच परका नव्हता. आईबरोबर बोलत, ती सांगेल ते वाचत गेलो आणि दिवाळी अंकासाठी लिहायचा विषय मिळाला. मी शिक्षणतज्ज्ञ नाही, कॉम्प्युटर इंजिनियर आहे, त्यामुळे माझी नजर थोडी सिस्टीम बघणाऱ्याची आहे. तेवढं सांभाळून घ्यावं.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचं काम करणारे, आई उमाबाई. मुलींनी शिकावं की नाही यावर बाहेर वाद चालू असताना या घरात तो प्रश्न नव्हता. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवीधर मराठी बायका हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच होत्या. पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं आणि त्या अमरावतीला गेल्या. नवरा, कृष्णराव मोडक, वकील. सुशिक्षित, मोकळ्या विचारांची जोडी म्हणून लोक पाहायचे, पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. पदरी एक लहान मुलगी होती. नवऱ्यापासून वेगळं होऊन, मुलीला घेऊन, स्वतःच्या पगारावर उभं राहणं ही गोष्ट आज सांगताना एका वाक्यात संपते, पण १९२१ सालची अमरावती डोळ्यांसमोर आणून पाहा. रत्नाकर मतकरींचं ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक ताराबाईंच्याच आयुष्यावर बेतलेलं आहे.

राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज म्हणून शिक्षिका तयार करणारी संस्था होती. तिच्या ताराबाई प्राचार्य झाल्या. चांगला पगार, मान, राहायला घर. आजच्या भाषेत सेटल झाल्या म्हणायचं. आणि मग १९२३ मध्ये त्यांनी ते सोडलं आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या.

गिजुभाईंबद्दल थोडं सांगायलाच हवं. हे मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाला तेव्हा त्याला कसं वाढवायचं या विचारात त्यांच्या हाती मारिया मॉन्टेसरींचं लिखाण पडलं आणि वकिली मागे पडली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केलं. भरघोस मिशा आणि मुलांवर आईसारखी माया, म्हणून गुजरातेत त्यांना मिशाळ आई म्हणायचे. तिथे छडी नव्हती, आणि विशेष म्हणजे बक्षीसही नव्हतं. शिक्षेच्या धाकाने किंवा बक्षिसाच्या लोभाने मूल जे करतं ते त्याचं स्वतःचं होत नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला मास्तर वर्गात आरसा, कंगवा, टॉवेल, कात्री अशा वस्तू आणतो. वाढलेली नखं आणि मळक्या टोप्या त्याला दिसतात, पण तो त्यावर भाषण देत नाही. साधनं समोर ठेवतो आणि वापरायला वेळ देतो.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण बक्षिसाचा मुद्दा आपल्या घरांमध्ये अगदी रोजचा आहे. अमेरिकेत दात घासण्याचं शास्त्र म्हणजे स्टिकर चार्ट. फ्रिजवर महिन्याचा तक्ता लावायचा, सकाळी एक तारा, रात्री एक तारा, वीस तारे झाले की खेळणं. आमच्याकडे तीन आठवडे तक्ता झकास चालला. चौथ्या आठवड्यात चिरंजीवांनी वाटाघाटी सुरू केल्या की आता एका वेळेला दोन तारे मिळाले पाहिजेत. मी कन्सल्टंट आहे, दरवाढीची मागणी मला कळते. पण मुलगा दात स्वतःसाठी नाही, आमच्यासाठी घासत होता, हेही त्या मागणीवरून कळलं. गिजुभाई-ताराबाईंना शंभर वर्षांपूर्वी हेच खटकलं होतं.

भावनगरला ताराबाईंनी गुजराती आत्मसात केली, गुजरातीत लिहिलं, शिक्षिका घडवल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षण पत्रिका हे त्यांचं मासिक आधी गुजरातीत होतं, १९३३ पासून मराठीतही निघू लागलं. पुढे ताराबाई मुंबईला परत आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. मध्यमवर्गीय मराठी घरांना बालशिक्षण या गोष्टीची ओळख झाली ती बऱ्याच अंशी तिथून. आपल्यापैकी काहींच्या आज्या तिथे गेल्या असतील, विचारून बघा.

आता मॉन्टेसरीबाईंकडे वळतो, कारण ताराबाईंनी पुढे काय केलं ते त्याशिवाय नीट कळत नाही. मारिया मॉन्टेसरींनी पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडलं. त्यांच्या पुस्तकात दिवसाची सुरुवात कशी करायची ते दिलेलं आहे. मुलं आली की आधी स्वच्छता पाहायची: हात, नखं, मान, कान, चेहरा, दात. मग मुलांच्या उंचीच्या स्टँडवर छोटे तांबे आणि भांडी ठेवून मुलांना स्वतः धुवायला शिकवायचं. दात घासून चूळ नीट कशी भरायची तेही त्यात आलं. अक्षरं आणि अंक नंतर. क्युपर्टिनोतल्या त्या बेसिनांचं मूळ हे.

पण त्याच पुस्तकात रोमच्या बालगृहाची नियमावलीही आहे, आणि तिच्यात एक कलम असं की जे मूल न धुतलेलं किंवा मळक्या कपड्यांत येईल त्याला काढून टाकलं जाईल. स्वच्छ करून पाठवणं ही आईची जबाबदारी. रोममध्ये त्या चाळींच्या मालकांनी इमारती दुरुस्त केल्या होत्या आणि बालगृह चाळीतच होतं, त्यामुळे कदाचित हे कलम चाललंही असेल.

हे कलम जसंच्या तसं घेऊन कोणी १९४५ च्या ठाणे जिल्ह्यात गेलं असतं तर शाळा पहिल्याच दिवशी रिकामी झाली असती.

१९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. दादरचं काम बसलं होतं, नाव झालं होतं. पण शहरातली सुखवस्तू मुलं म्हणजे देश नव्हे, गांधीजींच्या नई तालीमच्या विचारात खेड्यातली लहान मुलं यायला हवीत, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. बोर्डी हे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव, तेव्हा ठाणे जिल्ह्यात आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. तिथे आचार्य शं. रा. भिसे यांनी आधीच शिक्षणाचं मोठं काम उभं केलं होतं, त्यांचा आधार मिळाला आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. याच वर्षी याच भागात गोदावरी परुळेकर वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं करत होत्या. दोन मराठी बायका, एकच मुलूख, एकच साल. एकीने मोठ्यांपासून सुरुवात केली, दुसरीने तान्ह्यांपासून.

ताराबाईंबरोबर बोर्डीला आलेल्या अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. नंतर शिकल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये त्या पस्तिशीच्या होत्या. बोरिवलीच्या एका शिबिरात ताराबाईंची गाठ पडली आणि पुण्याची पक्की नोकरी सोडून त्या निघाल्या. मला हे वाचताना राहून राहून वाटत होतं की या दोघींना ग्रीन कार्डसारखी पक्की गोष्ट हातात असताना ती सोडायची सवयच होती.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. गावातली मुलं आली. पण दलित वस्तीतली मुलं, त्या वेळच्या शब्दात हरिजनवाड्यातली, येईनात. बोलावून येईनात. कारणं शोधायला फार हुशारी लागत नाही. अंगावर कपडा नाही. धाकटं भावंड कडेवर आहे, त्याला कुठे ठेवणार? आईबाप पहाटे कामाला गेलेले. आणि सवर्णांच्या मुलांशेजारी बसायचं धाडस कुठून आणायचं? सार्वजनिक विहिरीवर दलितांना पाणी भरू न देणारी गावं महाराष्ट्रात तेव्हा सर्रास होती. ज्याला पाणीच मागून घ्यायचं आहे त्याला स्वच्छ होऊन ये म्हणणं म्हणजे येऊ नकोस म्हणण्यासारखंच.

मग शाळा त्यांच्याकडे गेली. शिक्षिका वस्तीत जाऊन तिथल्याच एखाद्या अंगणात मुलं गोळा करू लागल्या. गावातल्या ठरलेल्या जागेतली ती बालवाडी, आणि अंगणातली ती अंगणवाडी. आज भारतभर जो शब्द सरकारी पाटीवर दिसतो तो असा बोर्डीत जन्मला. आमच्या धंद्यात क्लायंटची अडचण ऑफिसात बसून कळत नाही तेव्हा ऑनसाईट जातात. ताराबाईंनी तेच केलं, फक्त बिलिंग नव्हतं.

अंगणातलं काम सुरू व्हायचं ते स्वच्छतेपासून. हातपाय-तोंड धुणं, दात घासणं, केस विंचरणं, नखं कापणं, जमेल तेव्हा आंघोळ. मग गाणी, गोष्टी, खेळ. यादी मॉन्टेसरींच्याच यादीशी जुळते, पण क्रम उलटा आहे. रोममध्ये स्वच्छता ही दाराबाहेरची अट होती, बोर्डीत ती पहिला तास झाली. मळलेलं मूल म्हणजे शिस्त न लावलेलं मूल नव्हे. त्याच्यावर कोणी रागवायचं नाही, त्याच्या आईला कमीपणा वाटेल असं काही करायचं नाही. ते काम त्याच्याबरोबर, हसत खेळत, त्याच्या दारात करायचं. माझ्या मते ताराबाईंच्या सगळ्या आयुष्यातला मोठा शोध हा आहे, आणि तो मॉन्टेसरीबाईंच्या पुस्तकात नव्हता.

दुसरी गोष्ट साधनांची. मॉन्टेसरीची साधनं महाग. गुळगुळीत लाकडी ठोकळे, मोजून केलेल्या दांड्या. खेड्यात ते कोण आणणार? ताराबाई आणि अनुताईंनी ती बदलली: शंख-शिंपले, बिया, दगड, पानं, फुलं, बांबू, माती. बोर्डीच्या किनाऱ्यावर आणि आसपासच्या रानात जे फुकट मिळतं ते. किंमत गेली, तत्त्व राहिलं. दातांच्या बाबतीत हाच विचार पुढे नेला तर कडुनिंबाची, बाभळीची, करंजाची काडी दातवण म्हणून दारात होतीच. तिला नावं ठेवून दुकानातला ब्रश आणायला सांगण्यात अर्थ नव्हता. आपल्याकडे दुसऱ्याही एका गोष्टीने दात घासले जायचे, ती म्हणजे मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ती पूड. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत बायकांमध्ये ती सवय अजून पुरती गेलेली नाही, आणि ती कोणी शाळेत शिकवलेली नव्हती. आई सकाळी दारात बसून बोटाने हिरड्यांना लावते, शेजारी बसलेलं पोर बघतं. चांगली सवय आणि वाईट सवय दोन्ही एकाच दरवाज्याने घरात येतात.

याच्या उलट उदाहरण आमच्या घरातलं. माझे वडील भारतातून येताना बॅगेत आयुर्वेदिक दंतमंजनाचा डबा आणतात, कारण त्यांच्या मते पेस्टने दात धुतल्यासारखे वाटतात, घासल्यासारखे वाटत नाहीत. सकाळी बेसिनपाशी आजोबा आणि नातू शेजारी उभे राहतात. आजोबा तळहातावर मंजन घेऊन बोटाने, नातू डायनासोरच्या ब्रशने. आजोबा होते ते चार महिने आमच्याकडे सकाळची लढाई झाली नाही. कोणी काही शिकवलं नव्हतं, स्टिकरही नव्हते. आजोबा घाईत नव्हते, एवढाच फरक. मी आणि माझी पत्नी सकाळी एक डोळा फोनवर, एक डोळा घड्याळावर ठेवून मुलाला ब्रश कर म्हणून दुसऱ्या खोलीतून ओरडत असतो. सिलिकॉन व्हॅलीतल्या बहुतेक घरांत हेच दृश्य असावं.

जाता जाता, दातांबद्दल इथल्या बालदंतवैद्यांकडून जे कळलं तेही सांगून टाकतो, कारण दिवाळी तोंडावर आहे. दुधाचे दात वीस असतात आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत सगळे येतात. ते पडणारच आहेत म्हणून दुर्लक्ष करणारे आई-बाबा आपल्यात बरेच आहेत, पण त्या दातांनीच खालच्या पक्क्या दातांची जागा राखून ठेवलेली असते. साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते ती पक्की दाढ असते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे घरात कोणाला पत्ताच लागत नाही आणि कीड नेमकी तिथे लागते. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला फ्लोराईडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहाला वाटाण्याएवढी. दिवसातून दोनदा, दोन मिनिटं. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनी फिरवायचा, कारण तोवर त्याच्या बोटांना ते काम नीट जमत नाही. आणि गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं: प्रत्येक खाण्यानंतर तोंडात तयार होणारं आम्ल अर्धा तासभर तरी दातांवर काम करत असतं. म्हणजे एका बैठकीत दोन लाडू परवडले, पण दिवसभर येता-जाता एकेक शंकरपाळा नको. बाटलीतलं दूध पीत झोपायची सवयही त्याच कारणाने वाईट.

पुन्हा बोर्डीकडे. दहा-बारा वर्षं तिथे काम झाल्यावर ताराबाईंच्या लक्षात आलं की आदिवासी मुलं अजूनही लांबच आहेत. समुद्रकाठची गावं वेगळी आणि आतल्या टेकड्यांवरचे वारली पाडे वेगळे. म्हणून १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हललं. तेव्हा ताराबाई ६५ वर्षांच्या होत्या. त्या वयात आपण फ्लोरिडा की पुणे याचा विचार करतो.

कोसबाडला आणखी एकदा तोच प्रश्न: मुलं का येत नाहीत? मोठी बहीण येत नाही कारण धाकटं कडेवर आहे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली केली. बहिणीने धाकट्याला पाळण्यात टाकायचं आणि स्वतः वर्गात बसायचं. याला नाव दिलं विकासवाडी. मुलगा येत नाही कारण गुरं चारायला जातो. मग शिक्षक गुरांमागे कुरणात गेले, तिथे झाडाखाली शाळा भरली. ती कुरणशाळा. दिवसा येता येत नाही त्यांच्यासाठी रात्रीची शाळा. प्रत्येक वेळी मुलाला दोष देण्याऐवजी वेळापत्रकाला दोष दिला. सॉफ्टवेअरमध्ये युजर चुकतोय असं वाटलं की आधी आपलं डिझाईन तपासायचं, हे आम्हाला पुस्तकातून शिकवतात, आणि तरी डेडलाईन आली की आम्ही युजरलाच नावं ठेवतो.

हे सगळं सुरळीत चाललं असं मात्र नाही. पाड्यावरच्या लोकांनी शिकलेल्या माणसाकडून आजवर फसवणूकच पाहिलेली. सावकार लिहायचा, जंगल खात्याचा माणूस लिहायचा, आणि त्या लिहिण्याचा अर्थ नेहमी यांचं काहीतरी जाणार असाच निघायचा. अशा घरातून मूल मागायचं आणि त्याला अंघोळ घालून, केस विंचरून परत पाठवायचं, यावर विश्वास बसायला वर्षं जातात. ताराबाईंनी आणि अनुताईंनी ती दिली. फेब्रुवारीनंतर पाण्याची ओढ, पावसाळ्यात चिखल, आणि शेतीच्या हंगामात वर्ग ओस. मला वाटतं की ज्यांना लवकर निकाल हवा असतो त्यांनी लहान मुलांच्या वाटेला जाऊ नये.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज अशी सुमारे चौदा लाख केंद्रं आहेत. पोषण आहार, लसीकरण, वजन घेणं हे सगळं तिथे चालतं. माझ्या आईची एक तक्रार असते की अंगणवाडीच्या रजिस्टरात किलो आणि ग्रॅमला रकाने आहेत, पण मुलाशेजारी बसून त्याच्याबरोबर तोंड धुवायला जो वेळ लागतो त्याला रकाना नाही. बावीस वर्षं ते काम केलेल्या बाईशी मी वाद घालत नाही.

ताराबाईंनंतर अनुताईंनी कोसबाडची धुरा जवळजवळ दोन दशकं सांभाळली. शेवटी दृष्टी अधू झाली तरी काम चालूच होतं. २७ सप्टेंबर १९९२ ला त्या कोसबाडलाच गेल्या. त्यांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन मिळालं तर जरूर वाचा. आईने तिची जुनी प्रत इथे आणली आहे, कोणाला हवी असल्यास आमच्याकडून घेऊन जा, पण परत द्या.

आणि डिसेंबरच्या सुट्टीत मुंबईला जाणार असाल तर एक दिवस काढता येईल. पश्चिम रेल्वेने डहाणूच्या पुढचं स्टेशन घोलवड. तिथून बोर्डी जवळ आहे, रिक्षा मिळते. किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत. कोसबाडची टेकडी तिथून आतल्या बाजूला. डिसेंबर म्हणजे चिकूचे दिवस, आणि घोलवडचा चिकू आता जीआय मानांकन मिळालेला आहे. मुलं पोटभर खातील. नंतर चूळ भरायला सांगा.